शेजाऱ्याचा कुत्रा आपल्या वाडीत: कुंपण, कागद आणि कलमं

उंबरवाडी (धागाकर्ता)

शेजाऱ्याचा कुत्रा वाडीत शिरतो, कोंबड्या मारतो, लावलेली रोपं उकरतो, खळ्यात घाण करतो. हा प्रश्न इथे सारखा येतो आणि चौथ्या-पाचव्या प्रतिसादात गाडी ‘प्राणिमित्र विरुद्ध इतर’ या फाट्याला लागते. या धाग्यात ते नको. ज्याला मालक आहे अशाच कुत्र्यापुरतं बोलू, भटक्यांचा विषय वेगळा. ज्याला जे नेमकं माहीत आहे ते त्याने लिहावं.

सुरुवात मी करतो. आधी खात्री करा की काम कुत्र्याचंच आहे. शेजाऱ्याच्या पडवीत जाऊन आवाज चढवला आणि मागून मुंगूस निघालं, तर ते गाव विसरत नाही.

कुत्रा एका कोंबडीवर थांबत नाही. चार-पाच मारतो, पिसं वाडीभर, चावे पाठीवर आणि पंखांवर, मेलेल्या कोंबड्या तिथेच पडलेल्या आणि खाल्लेलं फारसं नाही. त्याला पळणाऱ्या कोंबडीचा खेळ हवा असतो. मुंगूस दिवसा येतं, मान किंवा डोकं धरतं, पिल्लं उचलून नेतं. रानमांजर रात्री एखादी कोंबडी घेऊन जातं आणि मागे फक्त पिसांचा पुंजका राहतो. शेळीच्या बाबतीत कुत्र्याचे चावे मागच्या मांड्या, कूस, शेपूट, कान असे विखुरलेले असतात आणि कातडी फाटलेली असते. बिबट्या गळा धरतो, सुळ्यांची खोल भोकं दिसतात आणि जमलं तर तो जनावर ओढून नेतो. कुत्र्याच्या ठशात नखं उमटतात, बिबट्याच्या नाहीत. ठसा सापडला तर त्यावर घमेलं पालथं घाला, फोटो काढताना शेजारी काडेपेटी ठेवा, म्हणजे आकार कळतो.

हा फरक पैशाचा आहे. बिबट्याने मारलं तर वनखात्याकडे भरपाईचा अर्ज करता येतो, त्यासाठी लगेच कळवून पंचनामा व्हावा लागतो. कुत्र्याने मारलं तर खातं हात वर करतं, मग दार एकच: मालकाचं.

चौथा_खांब

मी कुंपणापुरतं लिहितो. कुत्रा जाळी फाडून किंवा उडी मारून येतो असं लोकांना वाटतं. दहातले आठ कुत्रे खालून येतात. म्हणून पैसे उंचीत घालण्याआधी तळात घाला.

साधं, टिकाऊ माप: ५ फुटी चेनलिंक जाळी, २ इंची चौकोन, १० गेज. गेजचा आकडा वाढतो तशी तार बारीक होते, हे दुकानात उलटं समजून बरेच जण १४ गेज घेऊन येतात. १० गेजची तार साधारण सव्वातीन मिलिमीटर, १२ ची अडीचच्या थोडी वर. १२ सुद्धा कुत्र्याला पुरते, पण खाऱ्या वाऱ्यात लवकर गंजते. समुद्रापासून जवळ असाल तर प्लास्टिकचं आवरण असलेली घ्या.

सिमेंटचे खांब ७ फुटी, पैकी पावणेदोन फूट खड्ड्यात, अंतर ८ फूट. कोपऱ्यावर आणि दर ५०-६० फुटांवर तिरपा टेकू. जाळी ताणून धरणाऱ्या तारा तीन: वर, मध्ये आणि अगदी तळाला. तळाची तार बहुतेक कंत्राटदार गाळतात आणि सगळा खेळ तिथेच हरतो, कारण तिच्याविना जाळी नाकाने उचलली जाते. ९६ फूट लांबीला ८ फुटांवर १३ खांब लागतात आणि तीन तारांना गाठी-वळशांसह सव्वातीनशे फूट तार.

आता तळ. २ फूट रुंद जाळीचा पट्टा कुंपणाच्या बाहेर, म्हणजे कुत्रा ज्या बाजूने येतो तिकडे, जमिनीवर आडवा पसरायचा. कुंपणाच्या तळाला दर वीतभर अंतरावर बांधून घ्यायचा आणि ८ मिलिमीटर सळईच्या फूटभर लांब, छत्रीच्या दांड्यासारख्या वाकवलेल्या खुंट्यांनी दर २ फुटांवर ठोकायचा. वरून माती टाका, पावसात गवत जाळीतून वर येतं आणि पट्टा जमिनीत शिवल्यासारखा बसतो. कुत्रा अगदी कुंपणाला नाक लावून उकरतो. तिथे नख जाळीला अडलं की तो दोन फूट मागे जाऊन उकरायचा विचार करत नाही. तेवढी भूमिती त्याला येत नाही.

आंबोळी_चटणी

पट्टा बाहेर टाकायचा तर तो शेजाऱ्याच्या जमिनीत जाणार ना? तिथेच पहिली शिवी पडेल. दुसरं, आमच्याकडे चार फुटी गडगा (रचलेल्या दगडांची भिंत) आहे. त्यावरून येतात.

चौथा_खांब

ताई, बरोबर पकडलंत. दोन वाटा आहेत. एक, कुंपणच हद्दीपासून दोन फूट आत घ्यायचं. जमीन अडकते, पण पट्टा आपल्याच मातीत राहतो. दुसरी, हद्दीवरच कुंपण ठेवायचं आणि त्याच्याखाली फूटभर चर खणून जांभ्याचे चिरे उभे बसवायचे, वर चार बोटं दिसतील असे. जाळीचा तळ चिऱ्याला टेकला पाहिजे. चिरे महाग पडतात, म्हणून पूर्ण लांबीला न लावता जिथे कुत्र्याची पायवाट मळलेली दिसते तिथे आणि तिच्या दोन्ही बाजूंना १५-१५ फूट लावले तरी बरंच काम होतं.

त्याआधी हद्द नक्की आहे का ते पाहा. नसेल तर भूमी अभिलेखकडे हद्द कायम मोजणीचा अर्ज करून खुणा करून घ्या. नाहीतर कुत्र्याचं भांडण पहिल्याच खड्ड्यात बांध कोरल्याचं भांडण होतं आणि ते नातवंडांपर्यंत चालतं.

गडग्याचं म्हणाल तर रचलेल्या दगडांना खाचा असतात. कुत्रा उडी मारत नाही, दोन पायऱ्यांत चढतो. वरच्या थरात दर ८ फुटांवर लोखंडी अँगल सिमेंटात बसवा, बाहेर ४५ अंशांत झुकलेला, फूटभर लांब, आणि त्यावर तीन साध्या तारा. काटेरी नको, तुमचीच मुलं गडग्यावर चढतात. गडग्याच्या आतल्या बाजूला टेकवून ठेवलेली लाकडं आणि झावळ्या हलवा, आत आलेल्या कुत्र्याला ती परत जायची शिडी होते. परतीची वाट सोपी असली की फेरी रोजची.

पाट, मोरी, पावसाळी पाणी जायची भोकं विसरू नका. गावठी कुत्र्याचं डोकं जिथून जातं तिथून अंग जातं. ४ इंचांपेक्षा मोठी फट नको. पाटात उभ्या सळया लावा, जाळी नको, कारण जाळीत पालापाचोळा अडकून पाणी तुंबतं आणि मग कुणीतरी ती भर पावसात उपटून फेकतं.

दर्यावर्दी

कुंपणाच्या तारेतून विजेचा ठोका देणारं झटका मशीन?

चौथा_खांब

शेताला ठीक, घराच्या आवाराला माझं मत नाही. लावायचंच तर मानकाप्रमाणे बनलेलं, सेकंदाला एक ठोका देणारं यंत्रच. कुत्र्यासाठी तारा जमिनीपासून ६ आणि १२ इंचांवर, नाकाच्या उंचीला. श्रावणात गवत तारेला लागलं की झटका जमिनीत जातो, म्हणून दर आठवड्याला कापणी. अर्थिंगचा गज एक पुरत नाही, तीन लागतात, एकमेकांपासून ३ मीटरवर. पाटी लावायची. घरातल्या विजेची तार थेट कुंपणाला जोडणारे महाभाग अजून आहेत. त्यात कुत्र्याआधी माणूस मरतो आणि सदोष मनुष्यवधाचा गुन्हा लागतो.

माडाखालचा

कुंपणावर इतकं झालं, पण तो येतो कशाला ते कुणी लिहिलं नाही. माडाच्या आळ्यात मासळीचं खत घालता, वर चार बोटं माती ओढता, आणि मग कुत्रा उकरतो म्हणून ओरडता. मासळी, हाडांचा चुरा, शेंगपेंड हे कुत्र्याला जेवणाचं ताट आहे. खत किमान दीड फूट खाली, वर माती दाबून घ्या, त्यावर जुन्या जाळीचा तुकडा आणि दगड. रोपांच्या वाफ्यात पेरणीनंतर मातीने झाकली जाईल अशी जाळी दोन बोटं खोल अंथरली तर रोप वर येतं आणि कुत्रा पंजा लावून सोडून देतो.

एरंडीची पेंड मात्र सांभाळून. तिच्या वासाने कुत्रा येतो, पेंड खातो, आणि ती त्याला विषारी असते. रक्ताची हगवण लागून तो मरूही शकतो. तुम्ही खत घातलं असेल, पण शेजारी म्हणणार विष घातलं. पोती कुलपात ठेवा आणि आळ्यात घातलीत तर शेजाऱ्याला आधी सांगा.

कोंबडीची आतडी, मासळीचं पाणी, उष्टं कुंपणाशी टाकणं बंद. हे फुकटचं काम आहे म्हणून कुणी करत नाही.

आंबोळी_चटणी

आणि ती निळ्या पाण्याची बाटली? आमच्या अख्ख्या वाडीत प्रत्येक पायरीवर आहे.

माडाखालचा

कुत्र्याला निळा आणि पिवळा रंग चांगला दिसतो, लाल-हिरव्यात गोंधळ होतो. त्यामुळे बाटली दिसते खरी. दिसते आणि तो तिच्यावरच तंगडी वर करतो. मिरचीपूड पहिल्या दवात जाते. डांबरगोळ्या कुत्र्याने गिळल्या तर विषबाधा होते, परत नाव तुमचंच. हालचाल टिपून पाणी फवारणारं यंत्र खरोखर चालतं, पण नळाला चोवीस तास दाब हवा. दुचाकीच्या चाकावर किंवा फाटकाच्या खांबावर मुतत असेल तर फिनाइल ओतत बसू नका, वास त्याच्या नाकातून जात नाही. आधी साबणाने धुवा, मग व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं. लघवीवर थेट ब्लीचिंग पावडर टाकू नका, डोळे-घसा झोंबणारा वायू निघतो.

काळा_कोट

कायद्याबद्दल गावगप्पा फार आहेत, म्हणून लांब लिहितो.

‘कोंडवाड्यात घाला’ हा पहिला गैरसमज. गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा १८७१ चा आहे आणि त्यातल्या व्याख्येत हत्ती, उंट, म्हैस, घोडा, गाढव, डुक्कर, मेंढी, शेळी येते. कुत्रा नाही. ग्रामपंचायतीचा कोंडवाडा कुत्र्याला लागू नाही.

दुसरा, ‘पोलिसांत द्या, कलम आहे’. आहे. भारतीय न्याय संहिता, कलम २९१, जुन्या दंडविधानात २८९. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण शब्द नीट वाचा: प्राण्यापासून माणसाच्या जिवाला धोका किंवा जबर दुखापत होण्याची शक्यता असताना मालकाने पुरेशी काळजी घेतली नाही, तर. कोंबड्या त्यात बसत नाहीत. कुत्रा शाळेच्या मुलांमागे धावतो, अंगावर येतो, पूर्वी चावला आहे, हे तक्रारीत असेल तर कलम लागतं. ‘माझे सात गावठी तलंगे मारले’ एवढंच लिहून गेलात तर ठाण्यातून हात हलवत परत याल, आणि त्यात ठाणे अंमलदाराची चूक नाही.

कोंबड्या, शेळ्या, रोपं यांचं नुकसान हा दिवाणी मामला. मालकाने हलगर्जी केली आणि कुत्र्याची खोड त्याला माहीत होती, हे दाखवावं लागतं. म्हणून पहिली लेखी कल्पना महत्त्वाची: तिच्यानंतर ‘मला ठाऊकच नव्हतं’ हे चालत नाही. मुद्दाम छू करून सोडला असेल तर गोष्ट फौजदारीकडे जाते.

कुत्रा खरोखर धोकादायक असेल आणि चार-पाच घरांना त्रास असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं (फौजदारी प्रक्रियेचा कायदा) कलम १५२. कार्यकारी दंडाधिकारी, व्यवहारात प्रांत किंवा तहसीलदार, कुत्रा बंदिस्त ठेवण्याचा आदेश देऊ शकतात. दोन घरांपुरत्या भांडणात सहसा जमत नाही. सह्या गोळा करा.

आणि तुम्ही काय करू नये. विष घालणं, मारणं, जायबंदी करणं: न्याय संहितेचं कलम ३२५, पाच वर्षांपर्यंत कैद. अंगावर आलेल्या कुत्र्याला त्या क्षणी काठी मारणं हा बचाव, संध्याकाळी शोधत जाऊन मारणं हा गुन्हा. ‘गाडीत घालून घाटात सोडून आलो’ हीसुद्धा चोरी होऊ शकते. चोरीच्या कलमात, ३०३ मध्ये, कायद्याने स्वतःच उदाहरण दिलं आहे: अप्रामाणिकपणे दुसऱ्याचा कुत्रा न्यायचा म्हणून खिशात आमिष ठेवलं आणि तो मागे चालू लागला की चोरी झाली. इंग्रजांच्या काळापासून ते उदाहरण तसंच आहे.

उंबरवाडी

यात खरी मेख मालकीची. भाकरी रोज घालतात, रात्री राखणीला हवा असतो, पण नुकसान झालं की ‘तो आमचा नाही हो, असाच येऊन पडतो’. त्यामुळे भांडणाआधीच पुरावा: गळ्यात पट्टा असलेला फोटो, त्यांच्या पडवीत बांधलेला फोटो (रस्त्यावरून दिसतो तेवढाच, आत डोकावून नको), लसीचं कार्ड किंवा पालिकेचा परवाना असेल तर त्याची माहिती. कॅमेरा लावलात तर तोंड आपल्याच आवाराकडे.

नुकसानीच्या दिवशीचा क्रम असा. मेलेली जनावरं हलवण्याआधी फोटो, मग दोन शेजाऱ्यांसमोर ग्रामपंचायतीचा किंवा महसूलचा पंचनामा. शेळी असेल तर सरकारी दवाखान्यातून शवविच्छेदन, आणि विमा असेल तर कानातला बिल्ला कापून टाकू नका, त्याच्याशिवाय दावा उभा राहत नाही. कोंबड्यांचा भाव त्या आठवड्याच्या बाजाराचा लिहा. पाचशेची कोंबडी दोन हजारांची लावली की बाकीचा खरा आकडाही कुणी मानत नाही.

पहिलं पत्र साधं असावं. नमुना:

*‘दि. __ रोजी सकाळी __ वाजता आपला तांबडा, पांढऱ्या पायांचा कुत्रा आमच्या वाडीत पाटाच्या बाजूने आला. __ कोंबड्या मेल्या, फोटो सोबत आहेत. कृपया कुत्रा सकाळी ६ ते ९ बांधून ठेवावा किंवा आवार बंद करावं. पाटाची जाळी आम्ही आमच्या खर्चाने लावत आहोत. __ रुपयांच्या भरपाईबद्दल बोलायला रविवारी येतो.’*

वेळ, वाट, आकडा, आणि आपण काय करतोय ते. ‘कायदेशीर कारवाई’ हे शब्द पहिल्या पत्रात नकोत. एक प्रत पोचपावतीसह पोस्टाने, एक आपल्याकडे. पंधरा दिवसांत फरक नाही पडला तर गावातले तंटे गावातच मिटवणारी तंटामुक्त समिती. २००७ सालची मोहीम आता बऱ्याच गावांत थंडावली आहे, पण जिथे समिती जिवंत आहे तिथे अशा भांडणाचा कागद तिथेच होतो आणि दोघांच्या सहीने होतो, हे मोठं.

सुई_सिरिंज

डॉक्टरकीचं थोडं.

माणसाला चावा किंवा रक्त येईल असा ओरखडा: आधी वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुणं, घड्याळ लावून. हळद, चुना, तंबाखू काही नाही. मग आरोग्य केंद्र. रेबीजच्या, कातडीत देण्याच्या लसीचे दिवस ०, ३, ७, २८ (० म्हणजे पहिल्या डोसचा दिवस). रक्त आलं असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागतं, ते आठवणीने विचारा. शेजाऱ्याचा कुत्रा असण्याचा एकच फायदा: त्याला रेबीज आहे का ते पाहायला १० दिवस डोळ्यासमोर ठेवता येतं. म्हणूनच चावलेला कुत्रा मारायचा किंवा पळवायचा नाही. पण लस १० दिवस थांबून घ्यायची नसते, लगेच सुरू करायची.

शेळीला चावला तर तेच धुणं, आणि पशुवैद्याकडून लस ०, ३, ७, १४, २८.

कुत्र्याची विष्ठा गोठ्यात आणि चाऱ्यात पडणं हा दुर्लक्षित भाग. शेळी-मेंढीचं कच्चं डोकं खाल्लेल्या कुत्र्याच्या विष्ठेतून फीतकृमीची अंडी येतात, शेळीच्या मेंदूत पाण्याची गाठ होते आणि ती एकाच बाजूला गोल फिरू लागते. मालकाने दर ३ महिन्यांनी फीतकृमीवर चालणारं जंताचं औषध द्यावं, आणि बोकड कापल्यावर डोकं-फुप्फुसं कुत्र्यापुढे टाकू नयेत.

भटकण्यावर सगळ्यात मोठा उपाय नसबंदी. गावात एक कुत्री माजावर आली की दोन-तीन आठवडे सगळे नर कुंपणं तपासत हिंडतात. नराची शस्त्रक्रिया झाल्यावर टाके सुकायला १० ते १४ दिवस, पण हिंडणं कमी व्हायला काही आठवडे जातात. कोंबड्या मारायची चटक त्याने जात नाही, ती वेगळी. हा फरक मालकाला आधी सांगा, नाहीतर महिन्याने तो म्हणतो की ऑपरेशन फुकट गेलं.

राखणदार

कुत्रा पाळणाऱ्यांच्या बाजूने. ‘बांधून ठेवा’ म्हणणं सोपं आहे. तीन फुटी साखळीला दिवसभर बांधलेला कुत्रा चिडका होतो आणि सुटला की आधी चावतो. १९६० च्या क्रूरता प्रतिबंधक कायद्यात आखूड किंवा जड साखळीला फार वेळ बांधणं आणि बांधलेल्या कुत्र्याला न फिरवणं हे दोन्ही गुन्हे आहेत.

त्याऐवजी धावती तार. दोन झाडं किंवा खांब, अंतर ४०-५० फूट, उंची ७ फूट, ६ मिलिमीटरचा वायर रोप. त्यावर कप्पी, कप्पीला खाली सोडलेली दोरी, एवढी लांब की कुत्रा आरामात आडवा होईल. दोरीच्या दोन्ही टोकांना फिरकी, नाहीतर दोन दिवसांत पीळ पडतो. दोन्ही खांबांच्या ६ फूट अलीकडे क्लॅम्प, नाहीतर खांबाभोवती गुंडाळून घेतो. दोरी गळपट्ट्याला न लावता छातीपट्ट्याला. आणि तारेजवळ गडगा, पायऱ्या, ओटा काही नको: कुत्रा पलीकडे उडी मारतो, दोरी अलीकडे राहते, आणि लटकून मरतो. दोरीची लांबी अधिक ३ फूट एवढी मोकळी जागा चहूबाजूंना हवी. सावली आणि पाणी अर्थात.

पहाटे आणि संध्याकाळी अर्धा-अर्धा तास फिरवून आणला तर उरलेला वेळ तो तारेवर निवांत झोपतो. शेजाऱ्याच्या कोंबड्या सुटायची वेळ आणि तुमच्या कुत्र्याची तारेवरची वेळ एक ठेवा. अर्धं भांडण इथे मिटतं.

पुणेरी_रोहाऊस

आमच्याकडे रो-हाऊस आहेत, कुंपण दोन फुटी. सोसायटी ठराव करून कुत्राच बंद करू शकते का?

काळा_कोट

नाही. पशु कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचना तसं करू देत नाहीत. मोकळा सोडू नका, विष्ठा उचला, लस दाखवा, एवढी बंधनं सोसायटी घालू शकते. दोन फुटी कुंपण वाढवायचं तर सोसायटीची लेखी परवानगी घ्या.

माडाखालचा

खुराड्याबद्दल राहिलं. षट्कोनी कोंबडी-जाळी कोंबडीला आत ठेवते, कुत्र्याला बाहेर ठेवत नाही, दातांनी फाडतो. खालचे ३ फूट वेल्डमेश (सांधे वेल्डिंग केलेली ताठ जाळी), १ इंच चौकोन, १४ गेज, वर काय हवं ते. तळ जमिनीपासून २ फूट उचललेला. नुसती सरकती कडी नाकाने उघडते, कोयंडा आणि खिळा हवा.

आंबोळी_चटणी

पाटात सळया लावल्या, तळाला चिरे लावले. आता फाटकाखालून येतो. खालची फट सहा इंच आहे.

चौथा_खांब

फाटक बसवलं तेव्हा ती दोन इंच असेल, पावसाने माती वाहून गेली. माती टाकू नका, परत जाईल. फाटकाच्या बरोबर खाली खांबापासून खांबापर्यंत सिमेंटचा उंबरा ओता, ६ इंच रुंद, निम्मा जमिनीत, आणि वर दीड इंचाची फट ठेवा. पाणी जायला उंबऱ्यात पाऊण इंची पाइपाचे दोन तुकडे आडवे टाका. गाडी जाणार असेल तर उंबऱ्याच्या दोन्ही बाजूंना उतार द्या.

उंबऱ्याने भागत नसेल तर फाटकाच्या तळाला जुन्या कन्व्हेयर बेल्टची पट्टी नटबोल्टने लावा, जमिनीला घासेल एवढी. भंगारात किलोवर मिळते.

आणि दूधवाला फाटक उघडं टाकून जात असेल तर बिजागरीच्या खांबाला कप्पी लावा, तिच्यावरून दोरी, एक टोक फाटकाला, दुसऱ्याला दोन-तीन किलोचा दगड. आपोआप बंद होतं. दोरी नायलॉनची घ्या, काथ्याची पावसात फुगून कप्पीत अडकते.